अवकाशातून टिपलेले दिवे आणि शेळगावचा अंधार

इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील ऊसकरी गाव. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान अशी अनेक गावे आहेत. मध्ये दाट गावठाण आणि भोवती शिवारभर विखुरलेल्या वाड्या-वस्त्या. शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आलटूनपालटून थ्री फेज वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली आहे. ज्या आठवड्यात रात्रपाळी असते, त्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारासही शिवारात माणसे जागी असतात. डोक्याला बॅटरी बांधून उसाला दारे धरायचे, सरी भरली की पाणी पुढच्या सरीत वळवायचे, पायाखाली साप नाही ना आणि शेजारच्या फडात बिबट्या नाही ना याचा कानोसा घेत राहायचे, यात या भागातील शेतकऱ्याला नवल वाटत नाही.

नेमक्या याच वेळी, रात्री दीडच्या आसपास, सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून एक हवामान उपग्रह या मुलखावरून जातो. काळ्या पृथ्वीवर सोनेरी ठिपक्यांची नक्षी दाखवणारी जी चित्रे आपण वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत पाहतो, त्यांतील बहुतेक चित्रे अशाच उपग्रहांनी केलेल्या नोंदींवरून तयार होतात. मुंबईचा झगझगीत पुंजका, पुण्याचा पसरलेला डाग, त्यांना जोडणारा द्रुतगती मार्ग, हे सारे त्यांत ओळखू येते. शेळगावच्या शिवारात त्या क्षणी चाललेल्या मोटारी मात्र त्यात कुठेच नसतात. मोटारीला दिवा नसतो, आणि शेतकऱ्याच्या कपाळावरची बॅटरी सव्वाआठशे किलोमीटरवरून दिसण्याइतकी प्रखर नसते. वीज वापरली जात आहे, माणूस जागा आहे, कष्ट चालू आहेत. चित्रात मात्र तिथे अंधार आहे. अशा चित्रांवरून गावांच्या विकासाची मोजदाद होऊ लागली असल्याने ती कशी तयार होतात आणि नेमके काय मोजतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या चित्रांचा जन्म एका लष्करी गरजेतून झाला, आणि तोही जवळजवळ अपघातानेच. अमेरिकेच्या हवाई दलाला वैमानिकांसाठी रात्रीच्या ढगांची माहिती हवी होती. चंद्रप्रकाशात ढग दिसावेत म्हणून १९७० च्या दशकात त्यांच्या हवामान उपग्रहांवर अत्यंत मंद प्रकाशही कित्येक पटींनी वाढवून नोंदवणारी उपकरणे बसवण्यात आली. अंधाऱ्या रात्री ढग दिसेनात, पण खालची शहरे दिसू लागली. १९७८ साली थॉमस क्रॉफ्ट या संशोधकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या चित्रांविषयी सविस्तर लेख लिहिला. केवळ शहरेच नव्हेत, तर तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू, शेतांतील आणि रानांतील आगी, मासेमारी नौकांचे दिवे हेही या चित्रांत उमटतात, हे त्याच सुमारास अभ्यासकांच्या ध्यानात आले. म्हणजे दिवा आणि वस्ती हे समीकरण पहिल्यापासूनच पुरते जुळणारे नव्हते.

या नोंदी बरीच वर्षे फिल्मच्या पट्ट्यांवर राहिल्या. १९९२ पासून त्यांचा संगणकीय संग्रह होऊ लागला आणि ख्रिस्तोफर एल्व्हिज या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो कामाला लावला. एकाच रात्रीच्या छायाचित्रात कुठे ढग असतात, कुठे वीज चमकलेली असते, कुठे वणवा लागलेला असतो. म्हणून अनेक रात्रींच्या नोंदी एकावर एक ठेवून, ढगाळ रात्री वगळून, क्षणिक उजेड गाळून, जो उजेड पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी दिसतो तेवढाच ठेवायचा, ही पद्धत त्यांनी बसवली. नासाने नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध केलेले आणि जगभर गाजलेले ‘रात्रीची पृथ्वी’ हे चित्र अशाच नोंदींतून तयार झाले होते. ते एखाद्या रात्री घेतलेले एक छायाचित्र नव्हते. संपूर्ण पृथ्वीवर एकाच वेळी रात्र नसते, हे लक्षात घेतले तरी ते उमगते. तरीही ते छायाचित्र आहे असे मानणारे आजही पुष्कळ आढळतात.

या जुन्या उपग्रहांच्या नोंदींत उजेडाची मोजपट्टी शून्य ते ६३ एवढीच होती. शहरांचे मध्यभाग लगेच ६३ वर पोचत आणि तिथेच थांबत. फोर्ट आणि ठाणे यांतला फरक त्यात कळत नसे. चित्राचा एक ठिपका जमिनीवरच्या काही किलोमीटरांचा असे, आणि तेजस्वी शहराचा उजेड शेजारच्या अंधाऱ्या प्रदेशावर सांडल्यासारखा दिसे. या उणिवा २८ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहाने बऱ्याच अंशी दूर केल्या. त्याच्यावरील संवेदकाचा एक ठिपका सुमारे ७४२ मीटरचा आहे आणि समुद्रावरच्या एकट्या मासेमारी नौकेचा दिवाही तो टिपू शकतो. त्याच धर्तीचे नोआ-२० आणि नोआ-२१ हे उपग्रह २०१७ आणि २०२२ मध्ये सोडण्यात आले. त्यांची नोंद कोणालाही नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ या संकेतस्थळावर रोजच्या रोज पाहता येते.

अंतराळवीरांनी हातात कॅमेरा धरून घेतलेली छायाचित्रे हा मात्र पूर्णपणे निराळा प्रकार आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि त्याखालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने मागे सरकते. पुण्यापासून इंदापूरपर्यंतचा प्रदेश स्थानक वीसएक सेकंदांत ओलांडते. रात्रीच्या अंधुक उजेडात छायाचित्र घ्यायचे तर कॅमेऱ्याचे झाकण काही काळ उघडे ठेवावे लागते. ते पाव सेकंद उघडे राहिले तरी तेवढ्यात जमीन पावणेदोन किलोमीटर सरकते, आणि शहराऐवजी प्रकाशाच्या रेघोट्या मिळतात.

ही अडचण डोनाल्ड पेटिट या अंतराळवीराने २००२-०३ मधील आपल्या मुक्कामात सोडवली, तीही घरगुती म्हणावी अशा युक्तीने. स्थानकात पडून असलेले सुटे भाग आणि एक ड्रिल यांच्या साहाय्याने त्याने कॅमेऱ्यासाठी एक फिरता आधार तयार केला. आकाशातील तारे टिपणारे हौशी लोक पृथ्वीच्या परिवलनाशी जुळवून घेण्यासाठी दाराच्या बिजागरीसारखे जे साधे यंत्र वापरतात, त्याचेच हे उलटे रूप होते. ते लोक जमिनीवरून ताऱ्यांचा पाठलाग करतात. पेटिटने ताऱ्यांच्या बाजूने जमिनीचा पाठलाग केला. शहरांचे रस्ते, चौक, वर्तुळाकार मार्ग त्यामुळे प्रथमच स्पष्ट उमटले. २०१० मध्ये स्थानकाला खाली पाहणारी सात काचांची प्रशस्त खिडकी बसली, २०१२ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने जमिनीच्या गतीशी आपोआप जुळवून घेणारा आधार पाठवला, आणि दरम्यान कॅमेरेही इतके संवेदनक्षम झाले की नुसत्या हाताने कॅमेरा फिरवून चांगली छायाचित्रे मिळू लागली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये स्थानकावर राहून आलेले शुभांशु शुक्ला हे तिथे पोचलेले पहिले भारतीय. भारतावरून जातानाची चित्रफीत त्यांनी पुढे सर्वांसाठी खुली केली, तेव्हा आपल्याकडील अनेकांनी आपापले शहर त्यात शोधले असेल.

अंतराळवीरांच्या छायाचित्रांचे खरे मोल रंगात आहे. उपग्रहाच्या नोंदीत उजेड फक्त कमी किंवा जास्त असतो. कॅमेऱ्यात सोडियमचे दिवे नारिंगी दिसतात, पाऱ्याचे हिरवट-निळे आणि एलईडी पांढरे. एखाद्या शहराने दिवे कधी आणि कुठल्या भागात बदलले, हे त्यावरून सांगता येते. मुंबईकरांना या रंगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून २०१५ साली पांढरे एलईडी लावण्यात आले, तेव्हा राणीच्या हाराचे तेज गेले म्हणून केवढा गदारोळ झाला! प्रकरण राजकीय पक्षांच्या कलहापर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर पिवळसर छटेचे एलईडी बसवावे लागले. वाद सौंदर्याचा होता, पण पांढऱ्या एलईडीचा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा नाही. तो पुढे येईलच.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. पुणे-सोलापूर महामार्गाच्या दोन बाजूंचा भाग अशा चित्रात वाचायचा तर आधी ठळक खुणा पकडाव्या लागतात. पुण्यातून पूर्वेला निघालेली हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत ही माळ. पुढे कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन. दक्षिणेला बारामती शहर आणि तिची औद्योगिक वसाहत. मग भिगवण, इंदापूर. भिगवणपासून पुढे उजनी जलाशयाचे काळे पाणी, त्याच्या काठाकाठाने गावांचे ठिपके. बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या पट्ट्यात भवानीनगरचा साखर कारखाना आणि वालचंदनगर. याच वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची मोटर आवरणे तयार होत आली आहेत. ज्या परिसरातून उपग्रह वर नेणाऱ्या वाहनांचे भाग गेले, तोच परिसर उपग्रहाच्या चित्रात शोधावा लागतो, हा एक गमतीचा योग.

शेळगावसारख्या गावाच्या वाट्याला या चित्रात किती जागा येते? ठिपका ७४२ मीटरचा म्हटल्यावर अख्खे गावठाण एकदोन ठिपक्यांत बसते. गावठाणात ग्रामपंचायतीचे दिवे, देवळापुढचा दिवा, दुकानांच्या पाट्या असतात, म्हणून काही उजेड उमटतो. पण या भागात पुष्कळ कुटुंबे गावठाणात राहत नाहीत, शेतातल्या वस्तीवर राहतात. वस्तीवर दारापुढे एखादा दिवा असतो आणि अनेकदा झोपताना तोही मालवतात. रात्री दीड वाजता घेतलेल्या नोंदीत या वस्त्यांचा पत्ता नसतो. शिवार भरलेले असते आणि चित्रात मोकळे दिसते.

गळीत हंगामात चित्र पालटते, पण तेही विचित्र रीतीने. कारखाना रात्रंदिवस चालतो. गव्हाण, वजनकाटा, वाहनतळ यांवर प्रखर दिवे लागलेले असतात, त्यामुळे तिथला ठिपका उजळणे स्वाभाविक आहे. त्याच कारखान्याच्या आसपास बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून आलेली ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे कोप्यांमध्ये राहतात. तालुक्याची लोकसंख्या त्या काही महिन्यांत खऱ्या अर्थाने वाढलेली असते, पण कोपीत दिवा तो किती असणार! तोडणीनंतर रात्री कोणी पाचट पेटवले तर ती आग मात्र उपग्रह हटकून टिपतो. वार्षिक चित्र तयार करताना शास्त्रज्ञ ती क्षणिक म्हणून काढून टाकतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या गाळणीतून आणखीही काही वाहून जाते. गावची यात्रा, लग्नाचा मांडव, सप्ताहाची रोषणाई हे सगळे क्षणिकच.

याचे याच भागातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पालखी सोहळा. जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशा मार्गाने पंढरपूरला जाते. एरवी लहानशा दिसणाऱ्या या गावांत एका मुक्कामापुरती लाखोंची वस्ती होते. अवकाशातून हे दृश्य टिपण्यासारखे खरेच. पण पालखी येते ती ज्येष्ठ-आषाढात, आणि तेव्हा पावसाळी ढग असतात. ढगांखालचे दिवे उपग्रहाला एकतर दिसत नाहीत किंवा नुसते धुरकट पसरलेले दिसतात. जून ते सप्टेंबर हे महिने भारताच्या रात्रचित्रांतील सर्वांत दुबळे महिने आहेत. आपल्या वार्षिक चित्रात पावसाळ्याची रात्र बहुतांशी नसतेच, असे म्हटले तरी चालेल.

या सगळ्याचे भान नसले की काय होते, ते दरवर्षी दिवाळीत दिसते. भारताच्या नकाशावर पांढरे, निळे, हिरवे आणि लाल दिवे चमकत असलेले एक चित्र ‘दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने टिपलेला’ अशा मथळ्याखाली मोबाइलवरून फिरत असते. ते एल्व्हिज यांनीच २००३ साली तयार केलेले चित्र आहे आणि त्याचा दिवाळीशी सुतराम संबंध नाही. त्यातले रंग रोषणाईचे नाहीत, काळाचे आहेत. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. वस्तीची वाढ दाखवण्यासाठी केलेला हा नकाशा लोकांनी आकाशकंदील समजून वाटला. अखेर नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचे, म्हणजे दिवाळीतलेच, भारताचे खरे चित्र प्रसिद्ध केले आणि स्पष्ट केले की दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवेल एवढा नसतो. पणतीची ज्योत ती केवढी, आणि दीड वाजता ती तेवत तरी असते का?

५ एप्रिल २०२० च्या रात्रीही तेच झाले. करोनाच्या टाळेबंदीत रात्री ९ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. देशातील विजेची मागणी त्या वेळी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घटली, आणि ग्रीड सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी ती घट कुठेही बिघाड न होऊ देता पेलली. ही त्या रात्रीची खरी कामगिरी. पण तिची चर्चा होण्याऐवजी अंधाऱ्या जगात उजळलेल्या भारताचे ‘उपग्रहचित्र’ लोकांनी एकमेकांना पाठवले. दीड वाजता येणाऱ्या उपग्रहाला नऊ वाजताचे काही दिसत नाही, एवढे ठाऊक असते तर त्या चित्राची लबाडी एका वाक्यात उघडी पडली असती.

बनावट चित्रे हसण्यावारी नेता येतात. खऱ्या चित्रांचे चुकीचे वाचन अधिक महागात पडते. अर्थशास्त्रज्ञांनी रात्रीच्या उजेडावरून देशाची आर्थिक वाढ मोजण्याची पद्धत काढली. व्हर्नन हेंडरसन आणि सहकाऱ्यांचा या विषयावरील २०१२ चा निबंध पुष्कळ गाजला. ज्या देशांची आकडेवारी विश्वासार्ह नाही, त्यांच्याबाबत ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या ब्रायन मिन यांनी १९९३ ते २०१३ या काळातील भारतातल्या सुमारे सहा लाख खेड्यांच्या उजेडाचा नकाशा तयार करण्याचे काम केले. कागदोपत्री ‘विद्युतीकरण झाले’ असे नोंदवलेल्या खेड्यात प्रत्यक्षात दिवा लागतो का, हे तपासण्याचे साधन त्यातून मिळाले, आणि सरकारी दाव्यांची अशी तपासणी व्हायलाच हवी. इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने २०१२ ते २०२१ या दशकातील बदलांचा जो नकाशासंग्रह केला, त्यानुसार देशातील रात्रीचा उजेड ४३ टक्क्यांनी वाढला आणि बिहारमध्ये तर ४७४ टक्क्यांनी. बिहारचा आकडा पाहून थक्क होण्याआधी तिथे २०१२ मध्ये किती अंधार होता हे आठवले पाहिजे. शून्याजवळून निघालेली वाढ टक्केवारीत नेहमीच भव्य दिसते.

महाराष्ट्राच्या खेड्यांना ही मोजपट्टी लावताना मात्र दोनदा विचार करावा लागतो. २००५ नंतरची काही वर्षे राज्यात भारनियमन तीव्र होते, हे ग्रामीण वाचकांना चांगले आठवत असेल. त्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. संध्याकाळी मागणी शिगेला पोचते त्या तासांत गावाने शेतीपंप आणि जड उपकरणे स्वखुशीने बंद ठेवायची, आणि त्या बदल्यात घरातले दिवे अखंड चालू राहतील अशी ही तडजोड होती. अशा गावात विजेचा वापर घटतो आणि दिवे मात्र वाढतात. वरून पाहणाऱ्याला ते गाव अधिक ‘विकसित’ झालेले दिसेल. याच्या उलट घडले ते २०२१ मध्ये. थकबाकीमुळे राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडण्यात आली, सरपंच मंडळींनी आवाज उठवला, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिले भरण्याचा मार्ग काढावा लागला. तेवढ्या काळात ती गावे गरीब झाली नव्हती, तिथली घरेही अंधारात नव्हती. फक्त खांबावरचे दिवे विझले होते. आणि अवकाशातून प्रामुख्याने दिसतात ते खांबावरचेच दिवे. घरातला दिवा छपराखाली असतो.

उजेड म्हणजे वस्ती किंवा समृद्धी नव्हे, याचा याहून ढळढळीत दाखला भारत-पाकिस्तान सीमेचा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अंतराळ स्थानकातून घेतलेल्या छायाचित्रात ही सीमा नारिंगी रेषेसारखी लखलखताना दिसते. शेकडो किलोमीटरच्या त्या रेषेवर ना शहर आहे ना बाजार. कुंपणावरचे प्रखर दिवे तेवढे आहेत.

आता पांढऱ्या एलईडीची गोष्ट. सुओमी एनपीपी आणि त्याच्या भावंडांवरील संवेदक साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटर या तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. हिरव्यापासून तांबड्याच्या पलीकडे, अवरक्तापर्यंत. निळा प्रकाश त्याच्या कक्षेबाहेर आहे. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशाचा मोठा वाटा ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमका निळ्यात असतो. केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केल्यापासून देशभर सोडियमचे दिवे उतरले आणि एलईडी चढले. विजेची बचत झाली, ही चांगलीच गोष्ट. पण रस्ता डोळ्यांना पूर्वीइतकाच किंवा अधिक उजळ दिसत असताना उपग्रहाच्या नोंदीत तो मंदावल्यासारखा दिसू शकतो. उपग्रहाच्या मोजणीनुसार जगातील प्रकाशित क्षेत्र २०१२ ते २०१६ या काळात वर्षाला सुमारे २.२ टक्क्यांनी वाढले. त्याच क्रिस्टोफर कायबा या संशोधकाने सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये वेगळी मोजणी प्रसिद्ध केली. ती उपग्रहाने केलेली नव्हती. जगभरातील पन्नास हजारांहून अधिक सामान्य निरीक्षकांनी रात्री अंगणात उभे राहून कोणते तारे दिसतात ते कळवले होते. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की, रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टींचे आहेत, हे मान्य. तरी डोळ्यांना जाणवणारा फरक यंत्राला पुरता जाणवत नाही, हे त्यातून दिसते.

आकाश उजळण्याचा फटका पुण्यातील आकाशनिरीक्षकांनी केव्हाच ओळखला आहे. आयुकाने दोन मीटर व्यासाची दुर्बीण बसवली ती शहरापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, जुन्नरजवळच्या गिरवली येथे. हौशी मंडळींनाही अमावास्येच्या आसपास दूरची खेडी गाठावी लागतात. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधाराला असे प्रमाणपत्र मिळू लागले आहे, तेव्हा ज्या शिवारात तो अजून फुकट उपलब्ध आहे त्याला केवळ ‘मागास’ ठरवून चालणार नाही. अर्थात, शेळगावच्या शेतकऱ्याला रात्री पाणी द्यावे लागते ते आकाशगंगा पाहण्याच्या हौसेने नव्हे, हेही विसरता येत नाही.

शेतीला दिवसा वीज मिळावी ही त्याची जुनी मागणी आहे. त्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. ज्या फीडरवर ही वीज पोचते, तिथल्या माणसाची रात्रपाळी सुटते. तो रात्री दीड वाजता दारे धरण्याऐवजी वस्तीवर झोपलेला असतो आणि दारापुढचा दिवा मालवलेला असतो. उपग्रह त्या रात्रीही ठरल्या वेळी डोक्यावरून जातो, आणि त्या शिवाराच्या ठिपक्यात कालच्याइतकाच उजेड नोंदवतो.